‘अठ्ठ्याण्णव टाका’ म्हणणाऱ्या ग्राहकाला काय सांगायचं? मातीच्या दबाईची चाचणी: एक छोटा व्यवसाय



आजचा विषय जरा वेगळा आहे. सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

माझा पहिला ट्रेनिंग हॉल बांधला तेव्हा जोतं चार फूट उंच घेतलं होतं. आत मुरूम भरायचा होता. डंपर आले, दोन दिवसांत जोतं काठोकाठ भरलं. मग तीन दिवस पाइप सोडून पाणी तुंबवलं. सगळे म्हणाले, “बसला मुरूम.” मीही मान डोलावली. वर कोबा झाला, फरशी झाली, उद्घाटन झालं. पहिला पावसाळा गेला आणि एका कोपऱ्यातली फरशी अंगठाभर खाली गेली. फरशीवाल्याला बोलावलं तर तो म्हणाला, “साहेब, फरशी माझी आहे, पण खालची जमीन तुमची आहे.” बरोबर होतं त्याचं. फरशी फोडली, कोबा फोडला, मुरूम उकरला आणि थराथराने परत भरला. जो खर्च झाला त्याच्या छोट्याशा भागात प्रत्येक थराची चाचणी झाली असती. पण ती करून देणारं कुणी असतं, हेच मला तेव्हा माहीत नव्हतं.

हीच आजची व्यवसायाची संधी. बांधकामाच्या जागेवर जाऊन भराव नीट दाबला गेलाय की नाही हे मोजायचं आणि सही करून आकडा द्यायचा. शेतीच्या माती परीक्षणाशी याची गल्लत करू नका. तिथे नत्र, स्फुरद, पालाश बघतात. इथे बघायचं ते एकच: माती किती घट्ट बसली आहे.

सिव्हिल डिप्लोमा झालेल्या किंवा साइटवर सुपरवायझर म्हणून दोन-चार वर्षं काढलेल्या माणसाला हे काम चांगलं जमतं. बाकीच्यांनीही वाचा, कारण यातला शेवटचा धडा कुठल्याही सेवा व्यवसायाला लागू आहे.

दबाई म्हणजे नक्की काय?

मातीच्या कणांमध्ये हवा असते. रोलर, धुमस किंवा प्लेट व्हायब्रेटर लावून ती हवा बाहेर काढायची, कण एकमेकांजवळ आणायचे, ही झाली दबाई. आज आपण हवा काढली नाही, तर उद्या वरचं वजन आणि पावसाचं पाणी मिळून ते काम करतात. फरक इतकाच की तेव्हा वर फरशी असते.

आता पाण्याचं गणित समजून घ्या. बेसनाचा लाडू वळताना तूप कमी पडलं तर तो भुगा होतो, जास्त झालं तर बसकण मारतो. मधे कुठेतरी एक प्रमाण असतं, तिथे लाडू घट्ट वळतो. मातीचंही तसंच. कोरडे कण एकमेकांवर सरकत नाहीत. पाणी जास्त झालं तर कणांमधली जागा पाण्यानेच अडते आणि पाणी काही दाबलं जात नाही. मधल्या योग्य ओलाव्याला साइटवर ‘ओएमसी’ म्हणतात आणि त्या ओलाव्यावर मिळणाऱ्या सर्वांत जास्त कोरड्या घनतेला ‘एमडीडी’. रॅल्फ प्रॉक्टर या अमेरिकन इंजिनिअरने १९३३ मध्ये ही गोष्ट मांडली, म्हणून आजही या चाचणीला प्रॉक्टर टेस्ट म्हणतात.

माझ्या हॉलमध्ये काय चुकलं ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. चार फूट मुरूम एकदम ओतला. वरून पाणी तुंबवलं, पण दाबलं कुणीच नाही. सहा-आठ इंचांचे थर, प्रत्येक थराला योग्य ओलावा आणि प्रत्येक थरावर यंत्र, असं व्हायला हवं होतं.

दोन आकडे, एक टक्केवारी

संपूर्ण सेवा दोन आकड्यांवर उभी आहे.

पहिला आकडा प्रयोगशाळेतला. साइटवर येणाऱ्या मुरूमाचा नमुना घ्यायचा, वेगवेगळ्या ओलाव्यावर साच्यात ठोकायचा आणि एमडीडी व ओएमसी काढायचं. याची भारतीय मानकं आहेत. हलक्या दबाईसाठी आयएस २७२० भाग ७: यात २.६ किलोचा रॅमर ३१० मिमीवरून पडतो, ३ थर असतात. जड दबाईसाठी भाग ८: यात ४.९ किलोचा रॅमर ४५० मिमीवरून पडतो, ५ थर असतात. छोट्या साच्यात दोन्हीकडे प्रत्येक थराला २५ ठोके.

दुसरा आकडा साइटवरचा. तिथे दोन पद्धती जास्त चालतात.

१. कोअर कटर (भाग २९): १०० मिमी आतला व्यास आणि १३० मिमी उंचीची पोलादी नळी मातीत ठोकायची, भरलेली बाहेर काढायची, वजन करायचं. आतलं आकारमान सुमारे १,०२१ घन सेंमी. मऊ, बारीक मातीत हे झटपट होतं. खडे असलेल्या मुरूमात नळी शिरतच नाही, शिरली तर आजूबाजूची माती सैल करते.

२. सँड रिप्लेसमेंट (भाग २८): छोट्या सिलिंडरसाठी १०० मिमी व्यासाचा, साधारण १५० मिमी खोल खड्डा घ्यायचा. निघालेली सगळी माती वजन करायची. मग तो खड्डा कोरड्या, एकसारख्या वाळूने भरायचा. किती वाळू लागली यावरून खड्ड्याचं आकारमान कळतं. आपल्याकडच्या मुरूमाला हीच पद्धत सोयीची. खडे मोठे असतील तर सिलिंडरही मोठा लागतो.

न्यूक्लिअर गेज नावाचं झटपट यंत्रही असतं. पण त्यात किरणोत्सारी स्रोत असतो आणि अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवानगीच्या सगळ्या अटी पाळाव्या लागतात. सुरुवातीला त्याच्या नादी लागू नका.

एक हिशोब सोडवू या

वही-पेन घ्या. समजा, प्रयोगशाळेत एमडीडी १.९२ ग्रॅम प्रति घन सेंमी आणि ओएमसी ११ टक्के आलं. साइटवर सँड रिप्लेसमेंट केली:

- खड्ड्यातून निघालेली माती: २,३०१ ग्रॅम
- सिलिंडरमध्ये सुरुवातीची वाळू: ४,३०० ग्रॅम
- चाचणीनंतर उरलेली वाळू: २,१३९ ग्रॅम
- खालच्या शंकूत राहणारी वाळू (आधीच मोजून ठेवलेली): ४५० ग्रॅम
- वाळूची घनता (आधीच मोजून ठेवलेली): १.४५

खड्ड्यात गेलेली वाळू = ४,३०० – २,१३९ – ४५० = १,७११ ग्रॅम.
खड्ड्याचं आकारमान = १,७११ ÷ १.४५ = १,१८० घन सेंमी.
ओली घनता = २,३०१ ÷ १,१८० = १.९५.

आता ओलावा. रॅपिड मॉइश्चर मीटर ७.४ टक्के दाखवतोय. थांबा! हा मीटर ओल्या वजनावरची टक्केवारी देतो, आपल्याला कोरड्या वजनावरची हवी. म्हणून ७.४ ÷ ९२.६, म्हणजे ८ टक्के.

कोरडी घनता = १.९५ ÷ १.०८ = १.८०६.
दबाई = १.८०६ ÷ १.९२ = ९४ टक्के.

केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या तपशिलानुसार भरावाला किमान ९५ टक्के आणि सबग्रेडला किमान ९७ टक्के दबाई लागते, तीही जड प्रॉक्टरच्या तुलनेत. म्हणजे हा थर दोन्हीकडे नापास.

आकडा कुठे फसतो?

साइटवर उभं राहिल्यावर या गोष्टींकडे लक्ष ठेवा.

*शेजारी रोलर चालू असणे.* धक्क्याने वाळू जास्त घट्ट बसते, खड्डा आहे त्याहून मोठा वाटतो आणि चांगला थर नापास होतो. वाळू सोडताना रोलर थांबवायला सांगा.

*माती सांडणे.* खड्ड्यातली मूठभर माती ट्रेबाहेर राहिली तरी निकाल खाली येतो.

*ओलसर वाळू.* वापरलेली वाळू तशीच परत भरू नका. चाळा, वाळवा, तिची घनता पुन्हा तपासा.

*मीटरचं रूपांतर विसरणे.* मीटर १२ दाखवतो तेव्हा खरा ओलावा १३.६ टक्के असतो. रूपांतर केलं नाही तर दबाई जवळजवळ दीड टक्क्याने जास्त दिसते. नापास थर पास व्हायला तेवढं पुरतं. आणि हो, या मीटरमध्ये कॅल्शियम कार्बाइड असतं, पाण्याशी त्याचा ॲसिटिलीन वायू होतो. मीटर उघडताना जवळ विडी-सिगारेट नको.

*हलकी की जड?* हलक्या प्रॉक्टरचा एमडीडी कमी असतो. साइटचा आकडा त्याच्याशी ताडला तर टक्केवारी उगाच गोंडस दिसते. कोणत्या प्रॉक्टरशी तुलना केली ते रिपोर्टवर लिहिलंच पाहिजे.

*खाण बदलली.* अचानक १०३ टक्के आलं तर खुश होऊ नका. आधी ड्रायव्हरला विचारा, “मुरूम कुठून आणला?” खाण बदलली की मुरूम बदलतो, आणि जुना एमडीडी नव्या मुरूमाला चालत नाही. नवीन प्रॉक्टर करा.

*वरचा थर तपासून सगळ्या भरावावर सही करणे.* पंधरा सेंटिमीटरचा खड्डा फक्त वरच्या थराबद्दल सांगतो. चार फूट भरावाचं सर्टिफिकेट त्यावर देऊ नका. प्रत्येक थर झाकण्याआधी बोलवा, असं ग्राहकाला पहिल्याच दिवशी सांगा. यात तुमचाही फायदा आहे: एका साइटवर एक नाही, सहा-सात फेऱ्या मिळतात.

आणि आता तो फोन

तुम्ही ९४ टक्क्यांचा कागद तयार केलाय. संध्याकाळी ठेकेदाराचा फोन येतो.

“साहेब, तेवढं अठ्ठ्याण्णव टाका ना. बिल अडकलंय. दोन-चार टक्क्यांनी काय होतंय?”

हा फोन तुम्हाला येणारच. पहिल्या महिन्यात येईल. आणि तो ठेकेदार वाईट माणूस असेलच असं नाही. त्याच्या रोलरचं भाडं चालू आहे, मजुरांचा पगार आहे, आभाळ भरून आलंय. तुम्हालाही पुढचं काम हवंय. इथेच तुमचा व्यवसाय ठरतो.

आकडा बदललात तर काय होतं? पुढच्या वेळी तो तुम्हाला साइटवर बोलावणारच नाही. थेट म्हणेल, “कागद पाठवा, पैसे पाठवतो.” जो कागद बसल्या जागी मिळतो त्याचा भाव रोज खाली जातो, कारण तो कुणीही छापू शकतो. आणि उद्या जमीन खचली की सगळे ती फाइल उघडतात. त्यात सही तुमची असते.

पण नुसतं “नाही जमणार” म्हणून फोन ठेवलात तरी काम गेलं. मग काय म्हणायचं? हे वाक्य पाठ करा:

“दादा, कागदावरचा आकडा बदलता येणार नाही. पण उद्या दुपारपर्यंत जमिनीतला आकडा बदलता येईल. कसा ते सांगतो.”

आणि खरंच सांगा. वरच्या उदाहरणात ओलावा ८ टक्के आहे, हवा ११ च्या आसपास. म्हणजे रोलर कमी फिरला असं लगेच म्हणू नका, आधी पाणी कमी पडलंय. किती पाणी मारायचं? समजा थर २० सेंमीचा आणि क्षेत्र ५०० चौरस मीटर. एकूण १०० घनमीटर माती, कोरडं वजन साधारण १८० टन. त्याचे ३ टक्के म्हणजे ५,४०० लिटर. उन्हात थोडं उडून जाईल ते वेगळं. म्हणजे पाच हजारांचा एक टँकर आणि वर थोडं.

“दादा, थर ट्रॅक्टरच्या फणाने उकरून घ्या. एक टँकर आणि वर थोडं पाणी सारखं मारा, चांगलं मिसळू द्या, मग रोलर फिरवा. झालं की फोन करा, मी येतो.”

दुसऱ्या दिवशी गेलात. ओली घनता २.१०, ओलावा ११ टक्के. कोरडी घनता २.१० ÷ १.११ = १.८९२. दबाई ९८.५ टक्के. आता तोच अठ्ठ्याण्णव तुम्ही छातीठोकपणे लिहू शकता.

ओलावा बरोबर असूनही नापास आलं तर दुसरी कारणं शोधा. थर फार जाड टाकलाय का? फेऱ्या कमी झाल्यात का? ओलावा जास्त असेल तर थर उकरून ऊन खाऊ द्यायला सांगा. काळी माती असेल तर ती दाबली तरी पाण्याने फुगते आणि सुकली की भेगाळते. तिथे नुसती दबाई पुरत नाही, हे मालकाला स्पष्ट सांगा आणि डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरकडे पाठवा. आपल्या सेवेची हद्द माहीत असणं हाही धंद्याचाच भाग आहे.

नापास रिपोर्टसोबत कारण आणि उपाय देणारा माणूस ठेकेदाराला परवडतो. तो त्याचा वेळ वाचवतो.

ग्राहक कोण आणि दर कसा लावायचा?

सरकारी कामात निविदेत काय लिहिलंय ते आधी वाचा. बऱ्याच ठिकाणी एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचाच रिपोर्ट लागतो. त्या मान्यतेचं मानक आहे आयएसओ/आयईसी १७०२५, आणि ती मिळवायला कागदपत्रं, प्रशिक्षित माणसं आणि शिस्त लागते. ते तुमचं पुढच्या टप्प्याचं ध्येय ठेवा. पहिल्या दिवसापासून मान्यता असल्याचा आव आणू नका.

सुरुवात इथून करा: गोडाऊन आणि शेड बांधणारे, बंगल्याचे मालक, छोटे बिल्डर, पेव्हर ब्लॉकवाले, आणि स्वतःचं काम पुढे तपासायला जाण्याआधी खात्री करून घेऊ पाहणारे उपठेकेदार. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेला साइटवर माणूस लागतो, तिथेही काम मिळतं.

सामान: सँड पोअरिंग सिलिंडर, ट्रे, छिन्नी-हातोडा, कोअर कटर, रॅपिड मॉइश्चर मीटर, दहा किलोपर्यंत एक ग्रॅम दाखवणारा काटा, आणि १०५ ते ११० अंशांवर स्थिर राहणारा ओव्हन. प्रॉक्टरचा साचा-रॅमर नंतर घेतला तरी चालेल. तोपर्यंत प्रॉक्टर दुसऱ्या प्रयोगशाळेकडून करून घ्या. मात्र काट्याचं कॅलिब्रेशन पहिल्या दिवसापासून करा. काटाच खोटा असेल तर पुढचं सगळं खोटं.

आता दर. खालचे आकडे फक्त पद्धत समजण्यासाठी आहेत, तुमच्या गावचे आकडे तुम्ही घाला. एका फेरीचा खर्च: पेट्रोल ३००, मदतनीस ४००, वाळू-कार्बाइड १००, तुमचा वेळ ८००, उपकरणांची झीज १५०, रिपोर्ट ५०. एकूण १,८०० रुपये. एका फेरीत तीन ठिकाणी चाचणी केली तर एका ठिकाणाला ६०० रुपये नुसता खर्च. एकाच चाचणीसाठी तेवढ्याच अंतरावर गेलात तर जवळजवळ सगळा बोजा तिच्यावरच. म्हणून दर चाचणीवर नको, फेरीवर लावा: ‘एक फेरी, तीन ठिकाणांपर्यंत, इतके रुपये.’ त्यावर नफा.

आणि कोटेशनमध्ये या तीन ओळी हव्यातच:

१. पैसे चाचणीचे आहेत, निकालाचे नाहीत. पास-नापास काहीही आलं तरी दर तोच.
२. नापास थराची फेरतपासणी ही वेगळी फेरी धरली जाईल.
३. निम्मी रक्कम फेरीआधी, उरलेली रिपोर्ट देताना.

पहिली ओळ सर्वांत महत्त्वाची. “पास आलं की पैसे देतो” ही अट मान्य केलीत, तर अठ्ठ्याण्णव लिहायचा मोह तुम्ही स्वतःच विकत घेतला म्हणून समजा.

एक व्यावहारिक गोष्ट: पावसाळ्यात मातीकाम थंडावतं. ते तीन-चार महिने कसे काढायचे ते जानेवारीतच ठरवा. उपकरणांची देखभाल, कॅलिब्रेशन, सुपरवायझरांसाठी एक दिवसाचं प्रशिक्षण, अशी कामं तेव्हासाठी ठेवा.

घरचा अभ्यास

या आठवड्यात एवढंच करा. जवळच्या एका चालू साइटवर जा, मुकादमाला विचारून जोत्याची भरणी बघा. थर किती इंचांचा टाकतात, पाणी कोणत्या वेळी मारतात, यंत्र कोणतं आणि किती वेळा फिरवतात, हे लिहून आणा. मग मालकाला एकच प्रश्न विचारा: “दबाई झाली हे तुम्हाला कसं कळलं?”

बहुतेक वेळा उत्तर येईल, “दिसतंय की!” मलाही दिसलंच होतं, वर फरशी घालण्याआधी.

त्या “दिसतंय की” आणि खऱ्या आकड्यामध्ये जी जागा आहे, तिथे तुमचा व्यवसाय उभा राहतो. तो आकडा शेवटपर्यंत खरा ठेवा. भेटू पुढच्या भागात!